तारजालक ते ध्रुवण-संवेदक : प्रकाशाच्या ध्रुवणमापनाच्या साधनांचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

प्रकाशाचे दोन गुण मानवी डोळ्याला सहज कळतात. पहिला त्याची तीव्रता आणि दुसरा त्याचा रंग. प्रकाशाला तिसराही एक गुण आहे. प्रकाशतरंगातील विद्युत् क्षेत्र ज्या दिशेने दोलन पावते त्या दिशेला काही निश्चितता असेल, तर तो प्रकाश ध्रुवित आहे असे म्हणतात. सूर्याचा थेट प्रकाश अध्रुवित असतो. मात्र तोच प्रकाश पाण्यावरून किंवा काचेवरून परावर्तित झाला, अथवा निळ्या आकाशातून विखरून आला, की तो अंशतः ध्रुवित होतो. मधमाश्या आकाशातील हे ध्रुवण ओळखून दिशा ठरवतात, हे कार्ल फॉन फ्रिश यांनी १९४९ मध्ये दाखवून दिले. मनुष्याच्या डोळ्यालाही ध्रुवित प्रकाशात एक पुसट पिवळसर ठसा दिसू शकतो, याची नोंद विल्हेल्म हायडिंगर यांनी १८४४ मध्ये केली. परंतु या क्षीण जाणिवेचा व्यवहारात उपयोग होत नाही. त्यामुळे ध्रुवणाचे ज्ञान माणसाला सर्वस्वी उपकरणांच्या आधारानेच मिळवावे लागले.

आज हे काम करणारा प्रतिमा-संवेदक नखाएवढ्या जागेत मावतो. त्याच्या प्रत्येक पिक्सेलवर धातूच्या अतिसूक्ष्म समांतर तारांचे जालक बसविलेले असते आणि एकाच क्षणी संपूर्ण दृश्याचे ध्रुवण त्यात नोंदले जाते. प्रस्तुत लेखात या साधनाच्या पूर्वेतिहासाचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे. विज्ञानाचा इतिहास बहुधा कल्पनांचा आणि त्या मांडणाऱ्या व्यक्तींचा इतिहास म्हणून लिहिला जातो. तारजालकाच्या बाबतीत ही पद्धत अपुरी पडते. कारण त्यामागील मूळ कल्पना १८८८ मध्येच प्रयोगाने सिद्ध झाली होती. ती दृश्य प्रकाशाच्या संवेदकावर उतरण्यास १२० वर्षांहून अधिक काळ लागला. या विलंबाचे कारण सिद्धांतात नसून निर्मितीच्या सूक्ष्मतेत आहे, आणि ही सूक्ष्मता कोणाच्या आवाक्यात होती यावर संशोधन कोठे होणार हेही ठरत गेले, हा या लेखाचा मुख्य प्रतिपाद्य विषय होय.

स्फटिकांचा कालखंड

ध्रुवणाच्या अभ्यासाचा प्रारंभ एका खनिजापासून झाला. आइसलंडमध्ये सापडणाऱ्या पारदर्शक कॅल्साइट स्फटिकातून पाहिले असता प्रत्येक वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात, हे डेन्मार्कचे विद्वान एरास्मस बार्थोलिन यांनी १६६९ मध्ये प्रसिद्ध केले. ख्रिस्तियान हायगेन्झ यांनी १६९० च्या आपल्या ग्रंथात या दुहेरी अपवर्तनाचे विवेचन केले. एका स्फटिकातून निघालेले किरण दुसऱ्या स्फटिकातून जाताना निराळे वागतात, हेही त्यांनी नोंदविले. परंतु त्याचे कारण त्यांना देता आले नाही. प्रकाशकिरणाला ‘बाजू’ असाव्यात, असे न्यूटन यांनी सुचविले. पुढे शंभर वर्षे हा प्रश्न जवळजवळ तेथेच राहिला.

१८०८ मध्ये फ्रेंच लष्करी अभियंता एतिएन लुई मालुस यांनी पॅरिसमधील लक्झेंबर्ग प्रासादाच्या खिडक्यांवरून परावर्तित झालेला मावळत्या सूर्याचा प्रकाश कॅल्साइटमधून पाहिला. स्फटिक फिरविताच दोन प्रतिमांची तेजस्विता कमीअधिक होत असल्याचे त्यांच्या लक्षात आले. म्हणजे ध्रुवण हा केवळ स्फटिकाचा चमत्कार नसून साध्या परावर्तनानेही ते घडते, हे स्पष्ट झाले. ध्रुवणासाठी युरोपीय भाषांत रूढ असलेली संज्ञाही मालुस यांचीच. त्यानंतर फ्रांस्वा अरागो यांनी १८०९ मध्ये आकाशाच्या प्रकाशाचे ध्रुवण शोधले. डेव्हिड ब्रूस्टर यांनी १८१५ मध्ये परावर्तनकोन आणि ध्रुवण यांतील नियम मांडला, तर ऑगस्टिन फ्रेनेल यांनी १८२१ मध्ये प्रकाशतरंग हे आडतरंग आहेत असे प्रतिपादन करून या सर्व निरीक्षणांना एकत्रित आधार दिला. एडिंबरोच्या विल्यम निकोल यांनी १८२८ मध्ये कॅल्साइटचे दोन तुकडे विशिष्ट कोनात कापून व चिकटवून जो लोलक तयार केला, तो पुढील शतकभर प्रयोगशाळांतील प्रमाणभूत ध्रुवक ठरला.

या निकोल लोलकाचा एक संदर्भ भारतीय वाचकास जवळचा आहे. १९२१ मध्ये चंद्रशेखर वेंकट रामन इंग्लंडहून ‘नारकुंडा’ या जहाजाने परतत असताना त्यांच्याजवळ असा एक छोटा लोलक होता. समुद्राच्या पृष्ठभागावरून परावर्तित होणारा ध्रुवित प्रकाश त्यांनी लोलक फिरवून दूर केला आणि तरीही पाण्याचा निळा रंग टिकून राहतो, किंबहुना अधिक खुलतो, हे पाहिले. समुद्राची निळाई हे आकाशाचे प्रतिबिंब आहे या रूढ समजुतीला त्यामुळे छेद गेला. या विषयावर ‘नेचर’ नियतकालिकास त्यांनी पाठविलेल्या पत्राखाली मुंबई बंदराचा उल्लेख आहे. खिशात मावणाऱ्या एका ध्रुवकाने केवढे काम होऊ शकते, याचे हे उत्तम उदाहरण होय. मात्र निकोल लोलकाची एक मर्यादा होती. निर्दोष व मोठा कॅल्साइट स्फटिक दुर्मिळ असल्याने लोलकाचा आकार आणि संख्या निसर्गाच्या कृपेवर अवलंबून राही.

हर्ट्झ यांचे तारजालक

ध्रुवणाचा दुसरा मार्ग स्फटिकांच्या अभ्यासातून आला नाही. तो विद्युत्चुंबकीय तरंगांच्या शोधातून आला. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांच्या सिद्धांतानुसार प्रकाश हा विद्युत्चुंबकीय तरंग होता. तसे असेल तर विद्युत् परिपथातून निर्माण केलेल्या तरंगांनीही परावर्तन, अपवर्तन आणि ध्रुवण दाखवावयास हवे. जर्मनीतील कार्लसरूह येथे हाइन्रिख हर्ट्झ यांनी १८८८ मध्ये हे प्रयोग केले. त्यांच्या तरंगांची लांबी सुमारे ६६ सेंटिमीटर होती.

ध्रुवण तपासण्यासाठी हर्ट्झ यांनी दोन मीटर उंच आणि दोन मीटर रुंद अशी अष्टकोनी लाकडी चौकट बनविली आणि तिच्यावर एक मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारा एकमेकींपासून तीन सेंटिमीटर अंतरावर समांतर ताणून बसविल्या. तारा तरंगातील विद्युत् दोलनाच्या दिशेला लंब असताना तरंग विनासायास पलीकडे गेले. चौकट फिरवून तारा दोलनाच्या दिशेला समांतर करताच पलीकडच्या ग्राहकातील ठिणग्या बंद झाल्या. प्रेषक आणि ग्राहक परस्परांना काटकोनात ठेवले असता ग्राहकात ठिणगी पडत नव्हती. मधे ४५ अंशांत जालक धरताच ती पुन्हा दिसू लागली. दोन काटकोनी ध्रुवकांमध्ये तिसरा तिरपा ध्रुवक ठेवल्यास प्रकाश पुन्हा दिसतो, या परिचित प्रयोगाचेच हे विद्युत् रूप होते.

यामागील कार्यकारणभाव समजून घेणे आवश्यक आहे, कारण अध्यापनात तो अनेकदा उलट सांगितला जातो. पाठ्यपुस्तकांत ध्रुवक समजाविण्यासाठी उभ्या काठ्यांच्या कुंपणातून जाणाऱ्या दोरीचे चित्र काढतात. दोरीची उभी लाट फटीतून जाते आणि आडवी लाट अडते. तारजालकात नेमके याच्या उलट घडते. विद्युत् क्षेत्र तारेच्या लांबीला समांतर असेल तर तारेतील इलेक्ट्रॉन लांबीच्या दिशेने मोकळेपणाने हलतात, तारेत प्रवाह सुरू होतो आणि तरंग मागे परावर्तित होतो. क्षेत्र तारेला लंब असेल तर बारीक तारेच्या रुंदीत इलेक्ट्रॉनांना हलण्यास जागाच नसते. म्हणून तरंग पुढे जातो. अर्थात यासाठी एक अट आहे. दोन तारांमधील अंतर तरंगलांबीपेक्षा पुरेसे लहान असले पाहिजे. हर्ट्झ यांच्या जालकात ते तरंगलांबीच्या बाविसाव्या भागाएवढे होते. ही एकच अट पुढील सर्व इतिहासाची सूत्रधार ठरली.

कोलकात्यातील प्रयोग

हर्ट्झ यांच्यानंतर अधिक आखूड तरंग निर्माण करण्याचे प्रयत्न सुरू झाले. मॉस्कोमध्ये प्योत्र लेबेदेव यांनी १८९५ मध्ये सहा मिलिमीटर लांबीच्या तरंगांवर प्रयोग केले. त्याच वर्षी कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात जगदीशचंद्र बोस यांनी स्फटिकांद्वारे होणाऱ्या विद्युत् किरणांच्या ध्रुवणाविषयीचा आपला शोधनिबंध बंगालच्या एशियाटिक सोसायटीपुढे सादर केला. बोस यांचे तरंग पाच मिलिमीटरपासून अडीच सेंटिमीटरपर्यंतच्या लांबीचे होते. त्यामुळे हर्ट्झ यांना खोलीभर पसरावी लागणारी उपकरणे बोस यांच्याकडे मेजावर मावू लागली. २९ जानेवारी १८९७ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी या विषयावर सप्रयोग व्याख्यान दिले.

बोस यांनी वापरलेले ध्रुवक विशेष लक्ष देण्याजोगे आहेत. ब्रॅडशॉच्या रेल्वे वेळापत्रकाच्या पानांमध्ये कथलाचे पातळ पत्रे घालून त्यांनी एक ध्रुवक तयार केला. कागद आणि धातू यांचे एकाआड एक थर म्हणजे एक प्रकारचे जालकच होते. पत्रे न घालता नुसते पुस्तक धरले तरी काही प्रमाणात ध्रुवण होते, हेही त्यांनी दाखविले. १८९८ मध्ये त्यांनी पीळ दिलेल्या तागाच्या जुडीमुळे ध्रुवणप्रतल फिरते हे सिद्ध केले. साखरेच्या द्रावणात ध्रुवणप्रतल का फिरते, याची स्थूल प्रतिकृती म्हणून त्यांनी या प्रयोगाकडे पाहिले.

रेल्वेचे वेळापत्रक आणि बंगालचा ताग ही सामग्री पुरेशी ठरली याचे श्रेय बोस यांच्या कल्पकतेला द्यावयास हवेच. पण त्याचबरोबर एका भौतिक वस्तुस्थितीकडेही दुर्लक्ष करता येत नाही. मिलिमीटर-सेंटिमीटर लांबीच्या तरंगांना अनुरूप रचना म्हणजे मिलिमीटरच्या मापाच्या किंवा त्याहून थोड्या बारीक रचना. आणि या मापाच्या वस्तू बाजारात, शेतात व ग्रंथालयात उपलब्ध होत्या. वसाहतीतील एका महाविद्यालयाच्या तुटपुंज्या प्रयोगशाळेतून जागतिक दर्जाचे काम होऊ शकले, ते तरंगलांबी आणि स्थानिक कारागिरी यांचा मेळ बसल्यामुळे. बोस यांच्या चरित्रलेखनात त्यांच्या जिद्दीचे वर्णन विपुल येते. हा मेळ मात्र सहसा अनुल्लेखित राहतो.

सूक्ष्मतेकडे वाटचाल

तरंगलांबी जसजशी लहान होत गेली तसतसे जालकही लहान करणे अपरिहार्य झाले. बर्लिनमध्ये हेन्री दु बोआ आणि हाइन्रिख रूबेन्स यांनी १८९३ मध्ये धातूच्या तारांची जालके अवरक्त किरणांसाठी वापरली. १९११ मध्ये दीर्घ तरंगलांबीच्या उष्णताप्रारणाच्या ध्रुवणावर लिहिताना त्यांनी या साधनाला हर्ट्झ यांचेच नाव दिले. परंतु प्रत्यक्ष तार ओढून व गुंडाळून जेवढी बारीक जालके करता येत, त्यांची मर्यादा अवरक्त पट्ट्यातच येऊन थांबत होती. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ४०० ते ७०० नॅनोमीटर. त्याहून कित्येक पट लहान अंतरावर तारा ताणणे ही कोणत्याही हाताच्या किंवा मागाच्या आवाक्यातील गोष्ट नव्हती.

दरम्यान हाच प्रश्न रसायनशास्त्राने वेगळ्या वाटेने सोडविला. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील वैद्य विल्यम हेरपथ यांनी १८५२ मध्ये क्विनीन आणि आयोडीन यांच्या संयुगाचे ध्रुवक गुणधर्म असलेले सूक्ष्म स्फटिक वर्णिले होते. अमेरिकेत एडविन लँड यांनी १९२९ मध्ये अशा असंख्य स्फटिकांना एका पापुद्र्यात एकाच दिशेने बसविण्याच्या पद्धतीसाठी पेटंटचा अर्ज केला. १९३८ मध्ये त्यांनी याहून सोपी पद्धत शोधली. पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचा पापुद्रा ताणून त्याचे लांब रेणू एका दिशेत आणावयाचे आणि त्यात आयोडीन शोषवावयाचे. आयोडीनच्या साखळ्यांमधून इलेक्ट्रॉन लांबीच्या दिशेने हलू शकतात. म्हणजे हे रेणूंचेच तारजालक होय. फरक इतकाच, की धातूचे जालक नको असलेला प्रकाश परावर्तित करते आणि हा पापुद्रा तो शोषून घेतो. पोलरॉइडमुळे ध्रुवक स्वस्त झाला आणि छायाचित्रणात व चष्म्यांत पोहोचला. मात्र उष्णता व आर्द्रता यांनी तो खराब होतो आणि काही मायक्रोमीटरच्या चौकोनात त्याची दिशा बदलत नेणे अतिशय कठीण असते. प्रतिमा-संवेदकासाठी या दोन्ही अडचणी महत्त्वाच्या होत्या.

धातूच्या जालकाला पुढची पायरी मिळाली ती दुसऱ्याच एका कारागिरीतून. वर्णपटाच्या अभ्यासासाठी काचेवर किंवा धातूवर हिऱ्याच्या टोकाने अतिशय जवळजवळ रेघा ओढून विवर्तन जालके तयार केली जात. जॉर्ज बर्ड आणि मॅक्सफील्ड पॅरिश यांनी १९६० मध्ये अशा जालकाच्या प्लॅस्टिकवर घेतलेल्या प्रतिकृतीचा उपयोग केला. तिच्यावर दर मिलिमीटरला २१६० रेघा होत्या. म्हणजे दोन रेघांमधील अंतर सुमारे ४६३ नॅनोमीटर होते. धातूची वाफ त्यांनी पृष्ठभागाला जवळजवळ घासून जाईल अशा तिरप्या कोनातून सोडली. प्रत्येक उंचवट्याची सावली पुढच्या खाचेवर पडली आणि धातू केवळ उंचवट्यांच्या कडांवर जमला. अशा रीतीने तार न ओढताच तारांची रांग तयार झाली. हे ध्रुवक निकट अवरक्तासाठी उपयोगी ठरले. १९६७ मध्ये ऑटन यांनी अवरक्त ध्रुवक तयार करण्यासाठी प्रकाश-लिथोग्राफीचा, म्हणजे चिपनिर्मितीच्या तंत्राचा, अवलंब केला. यानंतर तारजालकाचे भवितव्य अर्धवाहक उद्योगाच्या प्रगतीशी जोडले गेले.

मापन : काळात की अवकाशात?

ध्रुवक हाती असणे आणि ध्रुवणाचे मापन करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जॉर्ज गेब्रिएल स्टोक्स यांनी १८५२ मध्ये ध्रुवणाची कोणतीही अवस्था चार राशींनी व्यक्त करता येते आणि या राशी केवळ तीव्रतेच्या मापनातून मिळतात, हे दाखविले. रेषीय ध्रुवणापुरता विचार केल्यास ०, ४५, ९० आणि १३५ अंशांवरील ध्रुवकांतून मिळणाऱ्या चार तीव्रता सोयीच्या ठरतात. उदाहरणार्थ, या चार नोंदी अनुक्रमे १२०, १००, ८० आणि १०० अशा आल्या, तर परस्परांना लंब असलेल्या नोंदींची बेरीज, म्हणजे एकूण तीव्रता, २०० होते. ० आणि ९० अंशांच्या नोंदींतील फरक ४० आणि उरलेल्या दोहोंतील फरक शून्य आहे. यावरून प्रकाश २० टक्के ध्रुवित असून त्याची दिशा शून्य अंशाची आहे, असे निघते.

या चार नोंदी घेण्याचा सर्वांत जुना मार्ग म्हणजे ध्रुवक फिरवीत एकामागून एक मोजमाप करणे. पुण्याच्या आयुका या संस्थेत विकसित झालेला आणि १९९८ मध्ये शोधनिबंधाद्वारे वर्णिलेला ‘इम्पॉल’ हा खगोलीय ध्रुवणमापक याच परंपरेतील आहे. त्यात अर्धतरंग-पट्टिका टप्प्याटप्प्याने फिरविली जाते आणि वोलास्टन लोलकाने प्रकाशाचे दोन परस्परलंब घटक अलग करून त्यांच्या प्रतिमा एकाच वेळी घेतल्या जातात. ताऱ्यांचे ध्रुवण अनेकदा एखाददुसऱ्या टक्क्याचे असते आणि ते मोजण्यासाठी दीर्घकाळ प्रकाश गोळा करावा लागतो. तारा जागेवरून पळून जात नाही. त्यामुळे काळ खर्च करून अचूकता मिळविणे येथे योग्यच ठरते. पण वाहती नदी, चालते वाहन किंवा हलता प्राणी यांच्या बाबतीत पहिल्या आणि चौथ्या नोंदीच्या दरम्यान दृश्यच बदलते. अशा वेळी चारही नोंदी एकाच क्षणी घेणे आवश्यक असते.

यावरील उपाय रंगीत छायाचित्रणात आधीच उपलब्ध होता. बेल प्रयोगशाळेत विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी १९६९ मध्ये सीसीडीची संकल्पना मांडली. कोडॅक कंपनीतील ब्राइस बेयर यांना १९७६ मध्ये रंगगाळण्यांच्या चौकडीचे पेटंट मिळाले. शेजारशेजारच्या पिक्सेलांवर लाल, हिरव्या आणि निळ्या गाळण्या बसवून उरलेले रंग गणिताने भरून काढावयाचे, ही ती योजना. रंगांच्या गाळण्यांऐवजी चार दिशांचे ध्रुवक बसविले की ध्रुवण-संवेदक तयार होतो. तत्त्व एवढे सोपे आहे. येथे काळाऐवजी अवकाश खर्च होते. एका बिंदूच्या चार नोंदींसाठी चार पिक्सेल द्यावे लागतात.

संवेदकावरील तारजालक

तत्त्व सोपे असले तरी कृती तशी नव्हती. आरंभ अवरक्त पट्ट्यात झाला, कारण तेथे तरंगलांबी मोठी असल्याने जालक तुलनेने जाड चालते. १९९० च्या दशकात अमेरिकेत अवरक्त संवेदकांसाठी सूक्ष्म तारजालकांच्या रचना तयार झाल्या. ग्रेगरी नॉर्डिन व सहकाऱ्यांचा १९९९ चा शोधनिबंध त्यांपैकी महत्त्वाचा. दृश्य प्रकाशासाठी गुओ आणि ब्रेडी यांनी २००० मध्ये पापुद्र्यापासून केलेल्या सूक्ष्मध्रुवकांची रचना वर्णिली. म्हणजे रसायनाचा मार्ग आणि धातूचा मार्ग हे दोन्ही या टप्प्यावर समांतर चालू होते.

जपानमधील नारा येथील विज्ञान-तंत्रज्ञान संस्थेत तोकुदा आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये एक वेगळी युक्ती योजिली. चिपमध्ये परिपथ जोडण्यासाठी धातूच्या तारांचे थर असतातच. त्याच थरांत पिक्सेलच्या वर समांतर रेघा आखून त्यांनी तारजालक घडविले. त्यासाठी वेगळी प्रक्रिया लागली नाही. जुन्या, स्थूल प्रक्रियेत रेघा पुरेशा बारीक होत नसल्याने ध्रुवक दुर्बल राहिला. पुढे त्याच संस्थेतील सासागावा आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ६५ नॅनोमीटर प्रक्रिया वापरून सरस परिणाम मिळविला. येथे सिद्धांतात काहीही बदललेले नव्हते, बदलली होती ती फक्त रेघेची रुंदी.

२०१० मध्ये अमेरिकेतील सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील व्हिक्टर ग्रुएव्ह, रॉब पर्किन्स आणि टिमथी यॉर्क यांनी सीसीडीवर ॲल्युमिनियमच्या नॅनोतारा बसविलेला संवेदक सादर केला. त्यात १००० गुणिले १००० पिक्सेल होते, प्रत्येक पिक्सेल ७.४ मायक्रोमीटरचा होता आणि सेकंदाला ४० चित्रे मिळत होती. तारांची रुंदी ७० नॅनोमीटर व दोन तारांच्या मध्यांतील अंतर १४० नॅनोमीटर होते. म्हणजे एका पिक्सेलवर पन्नासेक तारा मावत होत्या. हर्ट्झ यांच्या तीन सेंटिमीटरच्या अंतराशी तुलना केल्यास जालक दोन लाखांहून अधिक पटींनी आक्रसले होते. मात्र हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ५५० नॅनोमीटर धरली तर तारांतील अंतर तिच्या जेमतेम चौथ्या भागाएवढे आहे. हर्ट्झ यांना लाभलेली बाविसाव्या भागाची ऐसपैस सवलत येथे मिळत नाही.

उद्योगाच्या पातळीवर हे साधन सोनी कंपनीने नेले. २०१६ मध्ये तिच्या अभियंत्यांनी अडीच मायक्रोमीटरच्या पिक्सेलांवर तारांमध्ये हवेची पोकळी ठेवलेल्या जालकाचा संवेदक मांडला. २०१८ मध्ये ३.४५ मायक्रोमीटर पिक्सेलांचा, सुमारे ५० लाख पिक्सेल असलेला संवेदक औद्योगिक कॅमेऱ्यांसाठी बाजारात आला. त्यात जालक पिक्सेलवरील सूक्ष्मभिंगाच्या खाली, प्रकाशग्राहकाच्या अगदी निकट बसविलेले आहे. जालक वेगळ्या काचेवर करून संवेदकावर चिकटविल्यास एका दिशेचा प्रकाश शेजारच्या पिक्सेलात शिरतो. जालक खाली आणल्याने हा दोष पुष्कळसा टळतो. काचेवरील चकाकी दूर करून आतील वस्तू पाहणे, पारदर्शक प्लॅस्टिकमधील ताण ओळखणे आणि काळ्या पृष्ठभागावरील ओरखडे शोधणे ही कामे अशा कॅमेऱ्यांनी होतात.

मर्यादा

या साधनाची मर्यादा लक्षात न घेता केलेले मूल्यमापन एकांगी ठरेल. अध्रुवित प्रकाशाचा जवळजवळ अर्धा भाग प्रत्येक ध्रुवकाला नाकारावा लागतो. त्यामुळे अंधूक प्रकाशात संवेदक दुबळा पडतो. चौकडीतील चार पिक्सेल दृश्यातील किंचित भिन्न बिंदू पाहत असल्याने वस्तूंच्या कडांवर नसलेले ध्रुवण दिसू शकते. शिवाय केवळ रेषीय जालकांनी वर्तुळाकार ध्रुवण मोजता येत नाही. स्टोक्स यांची चौथी राशी हाती लागत नाही. म्हणूनच जेथे वेळ आहे आणि अचूकता सर्वोपरी आहे तेथे फिरत्या पट्टिकेची जुनी पद्धत टिकून आहे. नव्या साधनाने जुन्याला बाद केले, असे या इतिहासात घडलेले नाही; दोन्ही पद्धती आपापल्या गरजेनुसार नांदत आहेत.

समारोप

१८८८ ते २०१८ या कालखंडाकडे एकत्रितपणे पाहिल्यास असे दिसते, की तारजालकाची प्रत्येक नवी पायरी ध्रुवणाच्या अभ्यासाबाहेरून आली. विवर्तन जालके वर्णपटासाठी, लिथोग्राफी संगणकासाठी आणि पिक्सेलांची चौकडी रंगीत छायाचित्रांसाठी विकसित झाली होती. ध्रुवणाच्या अभ्यासकांनी ही शेजारची कारागिरी उसनी घेतली. जेथे शेजारी अशी कारागिरी होती तेथेच पुढचे पाऊल पडले.

भारताच्या संदर्भात हा निष्कर्ष विचारप्रवर्तक आहे. बोस यांच्या काळात लागणारी मिलिमीटरच्या मापाची कारागिरी कोलकात्यात होती. दृश्य प्रकाशासाठी लागणारी ७० नॅनोमीटरची कारागिरी मात्र चिपनिर्मितीच्या उद्योगाशिवाय संभवत नाही. मोहाली येथील सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सची उत्पादनव्यवस्था फेब्रुवारी १९८९ मधील आगीत नष्ट झाली आणि तेथे पुढे उभारली गेलेली व्यवस्था १८० नॅनोमीटर तंत्राची होती. या दोन मापांतील अंतर म्हणजे बुद्धिमत्तेतील अंतर नव्हे. ते भांडवल, उद्योग आणि सातत्य यांतील अंतर आहे. बोस यांची परंपरा आपल्याकडे का खंडित झाली, या प्रश्नाचे उत्तर केवळ व्यक्तींच्या गुणदोषांत शोधणे त्यामुळे अपुरे ठरते. मुंबईच्या आयआयटीत आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत २००० च्या दशकात नॅनोइलेक्ट्रॉनिक्सची केंद्रे उभी राहिली आणि बाहेरच्या संस्थांतील संशोधकांनाही तेथील साधने वापरण्याची योजना सुरू झाली, ही या दृष्टीने महत्त्वाची घटना होय.

महाविद्यालयांपुरते पाहता या इतिहासातून आणखी एक व्यवहार्य गोष्ट हाती येते. इलेक्ट्रॉनिक्सच्या अनेक प्रयोगशाळांत तीन सेंटिमीटर तरंगलांबीचा सूक्ष्मतरंग संच असतो. ही तरंगलांबी बोस यांच्या मापांच्या जवळची आहे. लाकडी चौकटीवर काही मिलिमीटर अंतराने तांब्याच्या तारा ताणल्या, की नॅनोमीटरच्या संवेदकात चालणारी क्रिया विद्यार्थ्याला स्वतःच्या हाताने चौकट फिरवून अनुभवता येते, आणि कुंपणातल्या दोरीचे चित्र नेमके कोठे चुकते हेही त्याला वेगळे सांगावे लागत नाही.